कोपऱ्याला तीनच शेजारी

मोघे सर हजेरी रोल नंबरने घेत नसत. वर्गात आले की गळ्यातला चौकटीचा गमछा काढून टेबलावर पसरायचे, खडूचं टोक कुणातरी एकावर रोखायचे आणि म्हणायचे, "पड़ोसी बताओ." मग त्याने आपल्या भोवतालच्या आठ जणांची नावं सांगायची. पुढच्या बाकावरचे तीन, मागच्या बाकावरचे तीन, डावीकडचा एक, उजवीकडचा एक. नावं बरोबर आली की तो हजर आणि ते आठही हजर. नाव अडलं, तर तो गैरहजर.

"सर, मैं तो आपके सामने बैठा हूँ," अनुराग तिवारी एकदा म्हणाला. अनुराग आमच्या वर्गात पहिला यायचा आणि त्याला गैरहजेरी सहन होत नसे.

"बैठे हो बेटा," सर म्हणाले. "हाज़िर नहीं हो."

जबलपूरच्या त्या कॉलेजात मी बी.एस्सी. केलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शाळा हिंदीतून झाली, मराठी फक्त घरात, तेही नागपूरकडचं, त्यामुळे हे लिहिताना मी पुन्हा पुन्हा थांबते आहे. पण सर माझ्याशी मराठीत बोलायचे, म्हणून त्यांच्याविषयी हिंदीत लिहिणं बरं वाटेना. सर आता मुलाकडे बंगळूरला राहतात. मी फोन केला तर तब्येत वगैरे राहू देतात आणि माझ्या आताच्या हॉस्टेलच्या खोलीच्या आजूबाजूला कोण कोण राहतं ते विचारतात. मला सगळी नावं सांगता येतात. त्यांच्या भीतीने मी पहिल्याच आठवड्यात ती पाठ केली.

पहिल्या दिवशी मी उशिरा पोचले होते. आमच्या सिहोऱ्याची बस वाटेत बंद पडली होती. दारात उभी राहून मी "मे आय कम इन" म्हणायचं की "अंदर आऊँ" म्हणायचं, याचा विचार करत होते, तेवढ्यात सरांनीच विचारलं, "बस?"

"जी सर. सिहोरा से."

"नाम?"

"सुजाता रामटेके."

"अच्छा, रामटेके." ते एकदम मराठीत आले. "मग मराठीत सांग ना, बस बंद पडली म्हणून. जा, मागे खिडकीचा कोपरा रिकामा आहे. चांगली जागा आहे ती. कोपऱ्याला तीनच शेजारी, मोजायला सोपं."

वर्ग हसला. मला काहीच कळलं नाही. मी जाऊन कोपऱ्यात बसले आणि पुढची तीन वर्षं तिथेच बसले.

सर बुटके होते. मार्च अर्धा सरेपर्यंत बिनबाह्यांचा स्वेटर घालायचे. स्वेटरच्या खिशात कायम बटणं असायची. शिंप्यांकडून मागून आणलेली, जुन्या शर्टांची, कोटांची, लहान-मोठी. चालताना ती वाजायची, त्यामुळे सर येत आहेत हे व्हरांड्याच्या टोकापासून कळायचं. खिशात इतकी बटणं, आणि त्यांच्या स्वतःच्या शर्टाचं एक तरी बटण तुटलेलंच असायचं. गमछ्याच्या चौकटींवर ते बटणं मांडायचे आणि कोडं घालायचे. हे आज आहे, उद्या काय होईल? किंवा त्याहून अवघड, हे आज आहे, तर काल काय होतं?

नियम अगदी छोटा होता. प्रत्येक चौकट म्हणजे एक घर. घरात बटण असेल तर ते जिवंत, नसेल तर रिकामं. प्रत्येक घराने फक्त आपले आठ शेजारी बघायचे. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ते राहतं. कमी असले तर एकटेपणाने जातं, जास्त असले तर गर्दीने जातं. रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असले तर तिथे नवं बटण येतं. बस, एवढंच. या एवढ्याशा नियमावर ती बटणं पसरायची, आटायची, उलटीपालटी व्हायची, आणि आम्ही तोंडं उघडी टाकून बघत राहायचो.

पण बटणांवर सरांचं समाधान नव्हतं. शनिवारी तासाच्या शेवटी ते पुस्तक मिटायचे आणि रामसनेहीला हाक मारायचे. रामसनेही म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. ते घरून आणलेली स्टीलची थाळी आणि लाकडी डस्टर घेऊन व्यासपीठावर उभे राहायचे. आता सगळा वर्गच गमछा. प्रत्येक मूल एक घर. उभं असेल तर जिवंत, बसलेलं असेल तर रिकामं. सर म्हणायचे, "गिनो." आम्ही माना वळवून उभे असलेले शेजारी मोजायचो. मग थाळी वाजायची आणि सगळ्यांनी एकाच क्षणी नियमाप्रमाणे उठायचं, बसायचं किंवा होतं तसंच राहायचं. थाळीच्या आधी हललं की सर चिडायचे. "पहले गिनो, फिर हिलो." हे वाक्य कँटीनमध्ये सगळे त्यांच्या आवाजात म्हणायचे, समोसा उचलतानासुद्धा.

या खेळात एक मुसाफिर होता. ठरावीक आकारात पाच जण उभे केले, की चार थाळ्यांनंतर तोच आकार तिरका एक घर पुढे सरकलेला दिसतो. माणसं जागची हलत नाहीत, चालतो तो आकार. आणखी चार थाळ्या, आणखी एक घर. सरांना हा मुसाफिर मुलांच्या बाजूच्या, दाराजवळच्या पुढच्या कोपऱ्यातून निघून माझ्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आलेला बघायचा होता. बस, एवढीच त्यांची इच्छा. कितीतरी वर्षं, कितीतरी वर्गांबरोबर त्यांनी हे करून पाहिलं होतं आणि तो एकदाही पोचला नव्हता. "कागदावर पोचतो," ते म्हणायचे, "गमछ्यावर पोचतो. मुलांच्यात नाही पोचत." आमच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ते रिटायर होणार होते. म्हणजे आमचा वर्ग शेवटचा.

अनुरागने लॅबच्या कॉम्प्युटरवर मुसाफिर करून दाखवला होता. स्क्रीनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला तो क्षणात निघून गेला. सरांनी चष्मा वर करून पाहिलं.

"बढ़िया," ते म्हणाले. "पर इसमें किसी को गर्दन नहीं घुमानी पड़ी."

मुसाफिर मरायचा तो नेहमी एकाच जागी. वर्गात मधोमध जायची वाट होती, उजवीकडे मुलांचे बाक आणि डावीकडे मुलींचे. मुसाफिर वाटेपर्यंत छान यायचा आणि तिथे विस्कटायचा. पहिले काही शनिवार आम्हाला वाटलं, कुणीतरी मोजण्यात चुकतंय. सरांनी वाटेच्या काठावरच्या मुलांना एकेक करून विचारलं. राजेश नावाचा मुलगा होता, त्याचे किती शेजारी उभे होते?

"एक, सर."

"और इधर?" सरांनी वाटेपलीकडे बोट दाखवलं. तिथे दोन मुली उभ्या होत्या.

राजेशने मान खाली घातली. "सर, वो तो लड़कियों की तरफ़ है. वो पड़ोसी कैसे?"

"बीच में दीवार है क्या?"

"दीवार तो नहीं है, सर."

"फिर?"

मुलींचंही तेच होतं. काठावरच्या मुलींनी पलीकडे एकदाही मान वळवली नव्हती. कुणी नियम मोडला नव्हता. फक्त शेजारी कोण, हे आम्ही घरून ठरवून आलो होतो.

सर रागावले नाहीत. ते वाटेत उभे राहिले, या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं आणि म्हणाले, "मेरी ही गलती है. मैंने नियम पढ़ाया, पड़ोसी नहीं पढ़ाए." सोमवारपासून ती हजेरी सुरू झाली.

त्या हजेरीने आमच्या वर्गात काय केलं, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. मुलं वाटेपलीकडे वाकून मुलींना नावं विचारायला लागली आणि हे अभ्यासाचंच काम असल्यामुळे कुणाला काही म्हणता येईना. माझ्या बाकावर माझ्या शेजारी शबनम बसायची. ती जबलपुरातल्याच गोहलपुरची, तिच्या अब्बांचं खुर्च्या-पलंग बनवायचं दुकान होतं. ती पहिल्या दिवसापासून माझ्याशी बोलायची. माझ्या पुढे मात्र विजय नगरची प्रीती दुबे होती, आणि तिने इतक्या महिन्यांत एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्या सोमवारी ती वळली.

"नाम बताओ अपना."

"सुजाता."

"पूरा?"

"सुजाता रामटेके."

ती जराशी थांबली. मला ते थांबणं ओळखीचं होतं. मग तिने वहीच्या मागच्या पानावर माझं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "टे में कौन सी मात्रा?" मी सांगितलं. पुढच्या हजेरीला तिने ते बरोबर म्हटलं. कॉलेजात माझं पूर्ण नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. प्रीतीच्या शेजारी रश्मी बसायची. तिलाही मग माझं नाव पाठ करावं लागलं. असे माझे तीन शेजारी, शबनम, प्रीती आणि रश्मी.

दुसऱ्या वर्षी मुसाफिर एकदा वाट ओलांडून अलीकडे आला. आम्ही श्वास रोखून होतो. सर टाचा उंच करून व्यासपीठाच्या कडेला उभे होते. आणि दारात प्राचार्य आले.

प्राचार्य आल्यावर वर्ग काय करतो? उठतो. सगळा वर्ग उठला, एकजात. रामसनेहीच्या हातून थाळी खाली पडली आणि खणकन वाजली. आम्हाला इतकी सवय झाली होती की थाळी वाजल्याबरोबर प्रत्येकाने आपापले शेजारी मोजले. मधल्या प्रत्येकाचे आठही शेजारी उभे, कडेच्यांचे पाच. गर्दी. सगळा वर्ग प्राचार्यांच्या तोंडावर धाडकन खाली बसला.

चार जण सोडून. चार कोपऱ्यांतले चार जण. कोपऱ्याला तीनच शेजारी असतात, आणि तीन असले तर बसायचं नाही.

प्राचार्यांनी आधी बसलेल्या वर्गाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मोघे जी, ये चार बच्चे किस बात की सज़ा भुगत रहे हैं?"

सरांचा चेहरा असा उजळला होता की मला आजही तो तसाच दिसतो. त्यांनी लांबून खडू माझ्यावर रोखला. "सुजाता, सर को बताओ."

हजेरीतली नावं सोडली तर मी तोपर्यंत वर्गात मोठ्याने एक वाक्यही बोलले नव्हते. "सर, मेरे तीनों पड़ोसी खड़े थे," मी म्हटलं.

"तो?"

"तो मैं नहीं बैठ सकती, सर."

प्राचार्य "सिलेबस पूरा हो रहा है न?" एवढं विचारून निघून गेले. मुसाफिर त्या गोंधळात मेला होता, पण सरांना त्याचं काही वाटलेलं दिसेना. दिवसभर ते भेटेल त्याला सांगत फिरले. "प्रिंसिपल साहब सामने खड़े हैं, और पूरी क्लास नियम से बैठ गई. नियम से."

ही गोष्ट माझ्याआधी सिहोऱ्याला पोचली, आणि पोचता पोचता वाकडी झाली. माझे बाबा मंडीत चौकीदार आहेत. भंडाऱ्याकडून तरुणपणी आलेले. मी घरी पोचले तेव्हा ते बाजेवर बसून वाट पाहत होते.

"तुले काहून उभं केलं होतं कॉलेजात?"

"उभं नव्हतं केलं बाबा. खेळ होता."

"बसमधला तो मिश्रा सांगून राहिला होता, मोठ्या साहेबासमोर उभी होती म्हने."

मग मी त्यांना नियम समजावला. आमच्या अंगणात चौकोनी फरशा आहेत. बाबांनी खिशातले चणे काढले आणि आम्ही फरशांवर एकेक चणा मांडला. बाबांना दाखवताना मला जाणवलं की मला हे खरंच येतं. एकटा चणा मेला. दोन मेले. तीन एका रांगेत ठेवले तर आडवे-उभे, आडवे-उभे होत राहिले. बाबांना त्यात मजा वाटेना. "हे तं नुसतंच करवट बदलून राहिले." मग त्यांनी भिंतीच्या कोपऱ्यात चार चणे चार फरशांवर जवळजवळ ठेवले. "अन् यायचं काय होते?"

मी मोजलं. प्रत्येकाला तीन शेजारी. बाहेरच्या कुठल्याही रिकाम्या फरशीला तीन मिळत नव्हते, म्हणून नवा कुणी येत नव्हता. परत मोजलं, तेच.

"हे असेच राहतात बाबा. कितीही वेळा करा."

"कोनी उठवू नाही शकत?"

"बाहेरून कुणी आलं नाही तर नाही."

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले आणि उरलेले चणे खाल्ले. ते चार त्यांनी तसेच ठेवले. सकाळी चिमण्यांनी नेले.

सरांच्या घरी मी एकदाच गेले, शबनमबरोबर, तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात. पुस्तक परत द्यायचं होतं. विजय नगरातलं साधं घर, पण व्हरांड्यातली फरशी बघून शबनम दारातच थबकली. काळ्या-पांढऱ्या फरशा, त्यांच्यात त्रिकोणांत त्रिकोण. प्रत्येक फरशीचा रंग मागच्या ओळीतल्या दोन फरशांवरून ठरवून सरांनी स्वतः उभं राहून ती घालून घेतली होती. एका जागी एक फरशी चुकली, आणि त्या चुकीपासून पुढे नवाच त्रिकोण उघडत गेला.

"लोकांकडे पाहुण्यांना आधी पाणी मिळतं," काकू आतून म्हणाल्या. "आमच्याकडे विचारतात, चूक कुठे आहे सांगा. सापडली का?"

शबनमने बोट ठेवलं. काकूंनी पाणी आणलं.

"काकू, बदलली का नाही ही फरशी?" मी विचारलं.

"मी म्हटलं ना बदला. तर म्हणे, आता पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे."

सर गमछ्यावर बटणं मांडत बसले होते. बोलता बोलता त्यांनी मला विचारलं, "तुझ्याकडे गणित कुणाचं गं? वडिलांचं?"

"नाही सर. आमच्याकडे कुणीच नाही. बाबा पाचवी, आई शाळेत नाही गेली."

सरांनी "अच्छा" म्हटलं. गमछ्यावरची बटणं त्यांनी गोळा केली आणि एका कागदाकडे बघत बघत नवीन मांडायला लागले. खूप वेळ मांडत होते. अर्धा गमछा भरला, खिशातली बटणं संपली, डबा आणावा लागला.

"याचा काल शोधा," ते म्हणाले.

मी आणि शबनमने बराच वेळ प्रयत्न केला. एका बाजूने जुळवत आणलं की दुसऱ्या बाजूला अडायचं.

"नाही येत सर."

"येणारच नाही. उद्या प्रत्येकाला एकच असतो. काल बहुतेकांना पुष्कळ असतात, कुठूनही आलेले असू शकतात. पण काही चित्रं अशी असतात की त्यांना कालच नसतो. आधीच्या कुठल्याच चित्रातून ती येऊ शकत नाहीत. कुणीतरी पहिल्यांदा मांडावीच लागतात."

"फिर आगे इनका क्या होता है, सर?" शबनमने विचारलं.

"आगे क्या? जो सबका होता है. नियम तो एक ही है."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मीही गमछ्याकडेच बघत होते. मला वाटतं, मी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या.

"मांडून झालं असेल तर कप ठेवायला जागा करा. आणि ते लाल बटण माझ्या ब्लाऊजचं आहे, ते इकडे द्या."

सर म्हणाले, "ते काढलं तर याला काल मिळेल कदाचित."

"मिळू दे. मला ब्लाऊज मिळेल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शबनमचं लग्न ठरलं, कटनीला. परीक्षा देऊ द्या, असं तिने घरी सांगून पाहिलं. तिच्या सासरचे म्हणाले, नंतर बघू. कॉलेजातल्या शेवटच्या दिवशी तिने बाकावर हात फिरवला आणि मला म्हणाली, "पड़ोसी पूछें तो मेरा नाम बोल देना." मी पुढच्या हजेरीला खरंच म्हटलं. सरांनी ते नाव कापलं नाही.

पण शनिवारच्या खेळाचं काय करायचं, हे सरांना कळेना. रिकामं घर चालतं, त्यात उद्या कुणी उभं राहू शकतं. ज्या जागी माणूसच नाही, तिथे कुणी कधीच उठणार नाही. मुसाफिर माझ्या कोपऱ्यापर्यंत यायचा तर त्याला शबनमच्या जागेवर पाय ठेवावाच लागत होता. सरांनी एकदा ऑफिसातून मोठ्या बाबूंना आणून तिथे बसवलं. बाबू सही-शिक्क्याचे कागद बरोबर घेऊन आले आणि थाळी वाजली तेव्हा एका अर्जावर वाकलेले होते. मुसाफिर वाट ओलांडून आला आणि बाबूंपाशी मेला.

"सॉरी मोघे जी, किधर से आया था?" बाबूंनी विचारलं.

शेवटच्या शनिवारी वर्ग गच्च भरला होता. कधीही न येणारी मुलंसुद्धा आली होती. राजेशने दोघांना सकाळी घरी जाऊन उठवून आणलं होतं. सगळे बाक भरले. एक जागा सोडून. रामसनेही बसू शकले असते, पण मग थाळी कोण वाजवणार?

सर व्यासपीठावर थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी गमछा टेबलावर तसाच ठेवला, खाली उतरले आणि वाटेतून चालत मागे आले. खिशातली बटणं वाजत होती. ते शबनमच्या जागी माझ्या शेजारी बसले. आम्ही त्यांना वर्गात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाकावर बसल्यावर ते आणखीच लहान दिसायला लागले.

"सर, 'गिनो' कौन बोलेगा?" अनुरागने पुढून विचारलं.

"तुम बोलो. अपनी जगह से."

अनुराग म्हणाला, "गिनो." थाळी वाजली. मुसाफिर निघाला.

आम्हा मागच्यांना काहीच दिसत नव्हतं. पुढे पाठीच पाठी. सर मान उंचावून बघायचा प्रयत्न करत होते, अर्धवट उठत होते. मी घाबरत घाबरत म्हटलं, "सर, फक्त आपले शेजारी बघायचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "बरोबर," म्हणाले आणि नीट बसले. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा मलाही ऐकू यायला लागलं. बाक कुरकुरत होते. आधी लांब दाराकडे, मग थोडं अलीकडे. थाळी, कुरकुर. थाळी, कुरकुर. आवाज वाटेपाशी आला. वर्गात कुणी खोकतही नव्हतं. "गिनो," अनुराग म्हणाला, आणि राजेश वाटेपलीकडच्या मुलींची नावं पुटपुटत मोजत होता ते मला इथपर्यंत ऐकू आलं. थाळी वाजली. कुरकुर वाटेच्या अलीकडे आली.

सर डोळे मिटूनच म्हणाले, "आला."

मग रश्मी उभी राहिली. सरांनी डोळे उघडले, मान वळवून मोजलं आणि त्यानंतरच्या दुसऱ्या थाळीला उठले. त्याच्या पुढच्या थाळीला प्रीती उठली. आता माझे तिन्ही शेजारी उभे होते. प्रीतीने मागे वळून मला बोटांनी तीन करून दाखवले, जणू मला मोजता येणार नव्हतं. थाळी वाजली. मी उठले, आणि रश्मी बसली. मुसाफिर माझ्या कोपऱ्यात आला होता.

पण खेळ थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं. आणखी दोन थाळ्यांत बाकीचे सगळे खाली बसले, मी, प्रीती आणि सर तिघेच उरलो. मग रश्मी पुन्हा उठली. चौघं झालो, भिंतीच्या कोपऱ्यात, जवळजवळ.

"गिनो," अनुराग म्हणाला. आम्ही मोजलं. थाळी वाजली. कुणी हललं नाही. पुन्हा थाळी. सगळा वर्ग मागे वळून बघत होता.

"रामसनेही," सरांनी जागेवरूनच विचारलं, "आप तो सामने थे. कैसा दिखा?"

"साहब, हम तो थाली देख रहे थे. कहीं फिर न गिर जाए."

म्हणजे ते कुणीच पूर्ण पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सरांना वाईट वाटेल. त्यांनी फक्त मान हलवली.

तेवढ्यात पुढच्या तासाची खरी घंटा झाली. दाराशी दुसरा वर्ग येऊन उभा राहिला. कुणीतरी दार ढकललं आणि आत बघून पुन्हा ओढून घेतलं.

"सुजाता," सर हळूच म्हणाले, "किती?"

"तीन, सर."

"माझे पण तीन."

रामसनेहींनी दाराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि डस्टर पुन्हा उचललं.